पानटिकल्यांतली राणी

एका राज्यात भानुकीर्ती नावाचा राजा होता. तिथली रीत अशी, की रानातले पाखरू राजापुढे आणावे आणि राजाने त्याची जात ठरवावी. गळा गोड त्याला गाणाऱ्यांत घालावे, पिसे देखणी त्याला मिरवणाऱ्यांत, आणि उरेल ते किरकोळात. किरकोळ पाखराचे झाड कोणीही तोडावे, त्याला मनाई नव्हती.

एके दिवशी रानाची मायाविनी करवंदी दरबारात आली. तिच्या तळहातावर पानटिकली बसली होती. पानटिकली म्हणजे अंगठ्याएवढे हिरवट पाखरू. पानांत बसले की शोधून सापडायचे नाही.

"राजा, हिची जात सांग."

राजाने मान वर केली नाही. "किरकोळ. ही सगळी सारखीच."

"नीट पाहा. हिच्या झाडाचा प्रश्न आहे."

"एक पाहिली की सगळ्या पाहिल्या."

शेजारी बसलेली राणी इंदुलेखा हळूच म्हणाली, "महाराज, एकदा बघा तरी. किती नाजूक आहे."

"राणीसाहेब, दरबारात मध्ये बोलू नये," राजा म्हणाला. तिच्याकडेही त्याने पाहिले नाही.

करवंदी रागावली नाही. तिने राणीकडे फुंकर घातली. राणीची जागा रिकामी झाली आणि खिडकीतून दोन पानटिकल्या रानाकडे उडाल्या.

"सगळ्यांतून आपली ओळखून काढ," करवंदी म्हणाली. "तोवर तुझ्या राज्यात कोणी कोणाला ओळखणार नाही. संधी तीन. पहिल्या चुकीला राणी महाल विसरेल, दुसरीला तुला विसरेल, तिसरीला स्वतःला. मग ती पाखरूच राहील. आणि विसरलेले पुन्हा आठवायचे नाही."

त्याच दुपारी आया आपल्या लेकरांना "तू कोणाचा रे?" असे विचारू लागल्या. राजा रानात धावला.

एरवी शोधून न सापडणाऱ्या पानटिकल्या आज लगेच दिसल्या. झाड न् झाड त्यांनी भरले होते. राजाने विचार केला, माझी राणी ती. सर्वांत देखणी तीच असणार. एकीच्या छातीवर सोनेरी झाक होती. त्याने तिच्यावर बोट ठेवले.

"चुकलास," झुडपातून आवाज आला. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा एक भारद्वाज डौलात बाहेर आला. सकाळी भारद्वाज दिसला की लोक शुभ मानतात. पानटिकल्या मानत नाहीत, कारण तो त्यांची अंडी खातो. पण पक्षी ज्ञानी खरा. "पाखरांत नटतो तो नर. राणी शोधायला आलास आणि कोणाचा तरी नवरा पसंत केलास."

राजाला महाल आठवला. राणीला मात्र महाल आता आठवत नव्हता.

दुसऱ्या खेपेला त्याने कान लावले. इंदुलेखा पहाटे तुळशीला पाणी घालताना भूपाळी म्हणायची. उंच फांदीवरून तेच सूर आले. राजाचे डोळे भरून आले आणि उतावीळपणे त्याने बोट दाखवले.

"ती पानटिकली नाहीच," भारद्वाज म्हणाला. "तिची चुलत जात. पाय बघ, काळे आहेत. पानटिकलीचे फिके. ही जात ऐकलेल्या सुराची नक्कल करते. महालाच्या बागेत शिकली असेल."

राजा मटकन खाली बसला. वेलींतून वाऱ्याची झुळूक गेली, आणि कुठल्याशा फांदीवर इंदुलेखा त्याला विसरली. कोणत्या फांदीवर, एवढेही त्याला कळले नाही. तो लहान पोरासारखा रडला.

"आता मी तिला कशाने ओळखू?"

"सवयीने. आठवण गेली तरी सवय राहते. पण आधी जातीची सवय शीक, मगच एकीची वेगळी दिसेल."

मग राजा शिकला. हलायचे नाही, बोलायचे नाही, नुसते पाहायचे. पानटिकली अळी खाते ती पानाच्या खालच्या अंगाने, उलटी लटकून. फांदीवर टेकली की शेपटी झटकते. काळ्या पायांच्या चुलत जातीची शेपटी स्थिर असते. रात्री साऱ्या अंगाला अंग लावून एका ओळीत झोपतात. अंडी असताना नर मादीला भरवतो, आई पिलांना भरवते. बाकी ज्याची अळी त्याच्या पोटात. पानगळ झाली, पालवी फुटली. राजाला एकेक पानटिकली वेगळी दिसू लागली. एवढे निरखून त्याने आजवर कोणाला पाहिले नव्हते, आणि याची त्याला फार लाज वाटली.

एका सकाळी त्याने पाहिले. एका मादीने दिवसाची पहिली अळी धरली, गिळली नाही. तिला पिले नव्हती. चार फांद्या ओलांडून ती एका लंगड्या म्हाताऱ्या पानटिकलीपाशी गेली आणि अळी तिच्यापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

लग्नापासून इंदुलेखा आपल्या पानातला पहिला घास त्याच्या ताटात वाढायची. रोज वाढायची, आणि तो बोलता बोलता खाऊन टाकायचा. कधी मान वर केली नाही.

"ही," तो म्हणाला. "ही माझी इंदुलेखा."

फांदीखाली राणी उभी राहिली. दूर नगरात आयांनी लेकरांना नावाने हाका मारल्या. करवंदी झाडाआडून आली, "ओळखलीस," एवढेच म्हणाली आणि निघून गेली. राजाने त्याच जागी किरकोळ हा वर्ग मोडला आणि रानावरची कुऱ्हाड उठवली.

राणीने पदर सावरला. "आपण कोण? आणि मी इथे कशी?"

तिच्या नजरेत आपण परके आहोत, हे राजाला दिसत होते. आता त्याला पाहता येत होते.

"वाटसरू आहे," तो म्हणाला. "कुठे पोहोचवू?"

"माझ्या माहेरी. नदीपलीकडे आहे."

राजाने नगरातून पालखी मागवली आणि तो तिच्याशेजारून चालत गेला. वाटभर ती बोलत होती, आईबद्दल, चिंचेच्या झाडाबद्दल, लहानपणी हरवलेल्या पैंजणाबद्दल. त्यातले एकही राजाला ठाऊक नव्हते. तो "मग?" म्हणे आणि ती पुढे सांगे.

माहेरच्या दारात आई उभी होती. पालखीचा पडदा उघडण्याआधीच तिने हाक मारली, "इंदू!"

आईच्या मिठीतून सुटल्यावर राणी मागे वळली. "आई, हे गृहस्थ कोण गं? वाटभर माझे ऐकत होते. फार भले दिसतात."

आईने जावयाकडे पाहिले. राजाने हात जोडले, नकारार्थी मान हलवली आणि तो नदीकडे चालू लागला.