सावरगडच्या कचेरीतली हाळी

सावरगडच्या जुन्या कचेरीत सरकारी कचेरीला साजेसे सगळे काही आहे. दगडी खांब आहेत, उंच लाकडी छत आहे, भिंतीवर जुन्या अधिकाऱ्यांच्या नावांचा फलक आहे, बंद पडलेले घड्याळही आहे. फक्त ‘शांतता राखा’ ही पाटी नाही. संस्थान विलीन झाले, राज्य सरकारची खाती इथे बसू लागली, कितीदा रंगरंगोटी झाली, पण ती पाटी कोणी लावली नाही. एकदा नव्याने आलेल्या साहेबांनी लावायला सांगितली, तर शिपाई नुसते मान हलवत राहिले आणि साहेबांची बदली होईपर्यंत खिळा काही सापडला नाही.

रविवारी लोक ही कचेरी पाहायला येतात. ती दाखवण्याचे काम जमादार आबांकडे असते. आबा इथूनच पट्टेवाले म्हणून निवृत्त झाले. परवा सांगलीहून बायकांचा एक गट आला होता. दरबाराच्या दालनात शिरताच एकीने, “अगंबाई, केवढं उंच!” म्हणून हाक दिल्यासारखे म्हटले, तशी दुसरीने तिला चिमटा काढला, “हळू बोल, कचेरी आहे.”

“बोला ताई, मोठ्यानं बोला,” आबा म्हणाले. “हितं गप बसायचं न्हाई.”

मग त्यांनी सगळ्यांना मुख्य दारापाशी नेले. दार सागवानी, जाडजूड. त्याच्यावर आतून आणि बाहेरून, माणूस खाली बसला तर पाठ टेकेल एवढ्या उंचीवर, दोन काळपट गुळगुळीत डाग आहेत. त्या डागांची आणि न लावलेल्या पाटीची गोष्ट एकच आहे. ती कधीची, हे आबांना विचारू नये. आजोबांच्या आजोबांकडून आली, एवढेच ते सांगतात.

म्हणे, त्या काळी या दालनात आवाज करणे हा गुन्हा होता. राजापुढे विनंती घेऊन आलेल्याने भिंतीकडेच्या कट्ट्यावर बसायचे आणि नावाचा पुकारा होईपर्यंत तोंड उघडायचे नाही. उघडले तर विनंती तिथल्या तिथे फेटाळली जाई. दारावर हैबती नावाचा देवडीवाला होता. दार उघडणे, दार लावणे आणि आलेल्या प्रत्येकाला हा नियम बजावणे, हे त्याचे काम. सुरुवातीला त्याला लोकांची तोंडे दिसत. कोण उपाशी आले आहे, कोण रडून आले आहे, हे कळे आणि जेवण जात नसे. पुढे नुसती पागोटी आणि पदर दिसू लागले. पुढे तेही दिसेनासे झाले आणि जेवण जाऊ लागले. याबद्दल त्याला वाईट वाटले असेही नाही. बरेच वाटले.

अशात पाडळीची सगुणा कुंभारीण आली. नवरा कधीच गेलेला, घरात एकुलता एक मुलगा धोंडी. त्याने भट्टीसाठी संस्थानच्या राईतले लाकूड तोडले, म्हणून शिपायांनी धरून तुरुंगात टाकला होता. त्याला सोडा, एवढेच तिला राजाला सांगायचे होते. हैबतीने तिला दाराजवळच्या शेवटच्या खांबामागची जागा दाखवली.

“हितं बसायचं. पुकारा हुईस्तवर हूं का चूं करायचं न्हाई. आवाज केलास तर अर्ज फेटाळत्यात, मग पोराला इसर.”

“न्हाई करत, दादा,” ती म्हणाली आणि बसली.

ती रोज येई, रोज बसे. मोठ्या लोकांचे पुकारे आधी होत, तिचा राहून जाई. पितृपक्ष गेला, घट बसले. हैबतीच्या लेखी तो खांब आणि ती बाई यांत आता काही फरक उरला नव्हता.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा झाली आणि राजा दरबारातून लवकर उठला. कचेरी आता कोजागिरी झाल्यावरच उघडायची होती. सगळ्यांना घरची घाई. हैबतीने दारात उभे राहून दालनावर एक नजर टाकली, असे सांगतात. खांब दिसले. त्याने दार ओढले, कुलूप घातले आणि किल्ली कमरेला लावून तो घरी गेला.

खांबामागे सगुणा होती. दार मिटताना तिला दिसले. ती उठली, तिने तोंड उघडले आणि तसेच मिटले.

दुसऱ्या दिवशी दसरा. सणाला किरकोळ गुन्ह्यांचे कैदी सोडायचे, हा सावरगडचा रिवाज होता. त्यात धोंडी सुटला. तुझी आई तुझ्यासाठी कचेरीत बसून असते, असे त्याला तुरुंगातल्या कोणीतरी सांगितले. तो धावत आला, तर दाराला कुलूप. तो बाहेरच्या पायरीवर दाराला पाठ लावून बसला. तुरुंगातल्या ओलीने त्याला खोकला लागला होता. खोकत बसून राहिला.

संध्याकाळी हैबती नवे पागोटे बांधून, सोने वाटत तिकडून चालला होता. पोराने पायऱ्या उतरून त्याला वाटेतच गाठले आणि आईबद्दल विचारले.

“आय? गेली आसंल गावाला. सनासुदीला हितं कोन बसतंय?” हैबती म्हणाला. त्याने पोराच्या हातावर आपट्याचे पान ठेवले आणि पुढे गेला. किल्ली कमरेलाच होती.

धोंडी तरी रात्रभर बसला. सकाळी उन्हे चढल्यावर उठून पाडळीला गेला. घराला कडी. शेजारी म्हणाले, कचेरीला म्हणून गेली ती दोन दिवस झाले परतली नाही, नदीकडे गेली की काय कोण जाणे. पोराने काय समजायचे ते समजले. घाट उतरून तो खाली कोकणाकडे चालत गेला म्हणतात. पुढे तो कोणालाही दिसला नाही.

कोजागिरी झाली. हैबतीने कुलूप काढले, तर दार आतून जड लागले. सगुणा त्याला पाठ टेकून बसली होती. दालनातल्या रांजणाच्या पाण्यावर तिने दिवस काढले होते. तिने त्याच्याकडे पाहिले आणि बोलू का, असे हातानेच विचारले. त्याने मान हलवली.

“झाला का माझा पुकारा?” ती म्हणाली.

तेव्हा तिला सगळे सांगावे लागले. ती रडली नाही. पाडळीला जाऊन आली आणि पोरगा कुठे बसला होता ते विचारून त्याच पायरीवर, त्याच जागी दाराला टेकून बसली. हैबती तिला भाकरी आणून देई. ती खाई. लोक म्हणत, दोघांचीही मने मेली आहेत. एके दिवशी त्याने न राहवून विचारले, “बये, दारापल्याड तुझाच ल्योक हुता. तुला काय कळलं न्हाई?”

“कुनीतरी टेकलंय हे कळत हुतं,” ती म्हणाली. “खोकला वळकीचा वाटला. लई वाटलं हाक मारावी. पन तुमीच म्हनला हुता, आवाज केला की अर्ज फेटाळत्यात.”

हैबतीला त्यावर काहीच वाटले नाही. वाटायला हवे, हे त्याला कळत होते. मांडी घालून बसल्यावर पाय मेला की तो आपला वाटत नाही, हात लावला तरी दुसऱ्याचा लागतो, तसे त्याला छातीत झाले होते. त्याला त्याची भीती वाटली. एवढीच एक गोष्ट वाटली.

त्या संध्याकाळी दार लावण्याआधी तो दालनाच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि जिथे कोणी कधी आवाज चढवला नव्हता तिथे त्याने हाळी दिली, “कोन ऱ्हायलंय का?” आसन सोडून निघालेला राजा जागीच थांबला. हैबतीने पागोटे काढून त्याच्या पायांशी ठेवले. नोकरी घ्या, डोके घ्या, पण जिवात जीव आहे तोवर हाळी दिल्याशिवाय हे दार लावणार नाही, असे तो म्हणाला. राजाने सगळी हकीकत ऐकली आणि गप्प राहण्याचा नियम त्याच दिवशी मोडला, असे सांगतात. सगुणेला त्याचा उपयोग नव्हता. ती शेवटपर्यंत पायरीवर बसली. हैबती म्हातारा होईपर्यंत हाळी देत राहिला. त्याला पुढे कधी रडू आले का, हे कोणी सांगत नाही.

आबांनी गोष्ट संपवली तेव्हा उन्हे कलली होती. मघाशी चिमटा काढणाऱ्या बाईंनी दारावरच्या डागाला हात लावला आणि काढून घेतला.

आजही सावरगडच्या कचेरीला तशीच हाळी देऊन कुलूप पडते. उत्तर आले नाही तरी पहारेकरी त्यावर विसंबत नाही. आत जाऊन तो प्रत्येक खांबामागे हात फिरवून येतो. आणि बाहेरच्या पायरीवर बसलेल्या कोणी, आमचं माणूस आत आहे का, असे विचारले, तर ‘गेलं असेल घरी’ असे इथे कोणी म्हणत नाही. लावलेले कुलूप काढतात आणि दार उघडून दाखवतात.