तीस सेकंदांची आळी

तांबट आळीचा गेलेला आवाज मी परत आणला.

म्हणजे भिंत तितिक्षाबाईंनी उभी केली, वायरी वायरमननं जोडल्या, आणि बटण मी दाबलं. पण दाबलं जोरात.

“वाजतंय का?” दाजींनी विचारलं.

दाजी वडके चौऱ्याऐंशीचे. साठ वर्षं तांबं ठोकून दोन्ही कानांनी पार बहिरे. माझे गुरू. मी त्यांचा शिष्य, वय सत्तर, अजून नापास.

मी मान हलवली. वाजतंय.

“मग मला कशाला आणलंत?”

यावर मी तितिक्षाकडं पाहिलं, तितिक्षानं माझ्याकडं. दोघंही तिसऱ्या कुणाकडं पाहायला तयार होतो, पण तिथं तिसरं कुणी नव्हतं.

आळीच्या तोंडाशी पूर्वी हौद होता. नगरपालिकेनं तो बुजवला आणि त्या जागी आळीची आठवण म्हणून काहीतरी करायला शहरातून ही कलाकार मुलगी, तितिक्षा, बोलावली. पहिले आठ दिवस मी तिला तितली म्हणायचो. तिनं मुकाट सोसलं. नावाचा अर्थच तो, असं पुढं कळलं.

वर्षभर ती घरोघर हिंडली. लोक काय खायचे, कशावरून भांडायचे, भांडी कशानं घासायचे, सगळं वहीत. मग ही भिंत. भिंतीत ठोके घातलेले तांब्याचे पत्रे, हात फिरवायला. एका कोनाड्यात चिंचेचा आणि ओल्या राखेचा वास. दुसऱ्यात कल्हईच्या नवसागराचा, नाकाला झोंबणारा. मी म्हटलं, चाटायलाही काही ठेवा, आमच्याकडचे लोक फुकट म्हटलं की भिंत चाटतील. तिनं तेही लिहून घेतलं.

आणि पत्र्यांच्या मागं आवाज.

आता आवाज आणायचा कुठून? आळीत आज मोबाईलची तीन दुकानं, केकचं एक, एक ब्यूटी पार्लर. हातोडा औषधाला नाही. तेव्हा मी पोटफोड्यांच्या घरातली लग्नाची कॅसेट शोधून दिली. तीस वर्षांपूर्वीची. तिच्यात भटजी कमी आणि हातोडे जास्त. मोठी मागणी होती, त्यामुळं मांडवाशेजारी काम चालूच. खुद्द नवरीचा आजा अक्षता टाकून परत ऐरणीवर बसला होता.

आमची आळी लग्नाला थांबत नसे. ती एकाच गोष्टीला थांबायची.

कुणाच्या घरी माणूस गेलं, की त्या घरातला एक जण हातोडा उलटा धरून, दांडा वर करून आळीतून चालत जायचा. बोलायचं नाही. त्या गोंगाटात बोललेलं कुणाला ऐकू जाणार? ज्याच्या दारावरून तो गेला त्यानं हातोडा खाली ठेवायचा, टोपी काढायची. तो टोकाला पोचेपर्यंत आळी गप्प झालेली असायची. मग कुणीतरी विचारायचं, “कोण गेलं?”

नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांना निरोप लागत नसे. आवाज थांबला की त्या पिळे टाकून पळत सुटत. प्रत्येकीला वाटे, माझंच.

हे सगळं मला ठाऊक होतं. मी चौथी पास आहे, म्हणजे चौथीच्या बाईंनी वैतागून पुढं ढकललेला, पण एवढं ठाऊक होतं.

एकोणिसाव्या वर्षी मी दाजींच्या हाताखाली होतो. एका दुपारी कंटाळा आला. मी माझा हातोडा उलटा धरला, चेहरा पाडला आणि आळीतून चालत निघालो.

काय थांबली आळी! चाळीस हातोडे, एकामागून एक. टोकाला हरिभाऊ कर्डे टोपी हातात घेऊन उभे, डोळे भरलेले.

“कोण गेलं?”

“तुमची दुपारची झोप,” मी म्हटलं.

दोघं-चौघं हसलेसुद्धा. तेवढ्यात नदीकडून रखमाकाकू आल्या, दाजींच्या मंडळी. ओलं लुगडं, अनवाणी पाय, एक गुडघा फुटलेला. त्यांचा नामा तेव्हा दोन महिन्यांचा, सकाळपासून तापानं फणफणलेला. त्यांनी पाळण्यात हात घातला. नामा नुसता झोपला होता.

काकू उंबऱ्यावर बसल्या आणि हसल्या. मग हसू थांबेना. मग रडू थांबेना.

पुढं त्या नदीवर कधी गेल्या नाहीत. त्यांच्या घरचं धुणं दाजी न्यायचे, बायकांच्यात बसून धुवायचे. त्यावरूनही मी एकदा विनोद केला होता. तो इथं लिहीत नाही.

दाजींनी मला मारलं नाही. माझ्या हातातला हातोडा काढून घेतला.

“परत कधी देणार?” मी विचारलं.

“खरी बातमी आणशील त्या दिवशी.”

हे मला सोपं वाटलं. माणसं काय, मरतातच. दोन वर्षांनी हरिभाऊ गेले तेव्हा मी पहिला दाजींच्या दारात. ते म्हणाले, “कर्ड्यांचा पोरगा फिरेल आळीतून. तू कर्डे आहेस का?”

हातोडा नाही तर तांबट कसला… मी मोडीचा धंदा धरला. आळीनं घडवलेले हंडे, घंगाळी, बंब मी जुन्या भावानं उचलायचो आणि भट्टीला धाडायचो. लोक म्हणत, सख्यानं सूड घेतला. नाही हो. भांडं उचलताना मी आधी बूड उलटं करून बघायचो, ठोका कुणाचा आहे ते.

दर खंडेनवमीला दाजी हत्यारांची पूजा मांडत. त्यात माझा हातोडाही असे, हळदकुंकू लावलेला, तेलपाणी केलेला. मी प्रसाद घ्यायच्या निमित्तानं जायचो. बोटानं दाखवायचो. दाजी मान हलवायचे.

अजून नाही.

नामा मोठा झाला, बापाशेजारी बसू लागला. हात चांगला, पण घाई फार. मग स्टील आलं, प्लास्टिक आलं. आळी एकेक ऐरण करून मिटत गेली. नामा शहराबाहेरच्या कारखान्यात लागला. बारा वर्षांपूर्वी तिथंच छातीत कळ आली आणि गेला. काकू आधीच गेल्या होत्या, एवढंच बरं.

त्या दिवशी दाजी हातोडा उलटा धरून आळीतून चालले. त्या टोकापासून या टोकापर्यंत, सावकाश.

थांबायला कुणी नव्हतं. एका दुकानात मोबाईलवर गाणं लागलं होतं, ते लागूनच राहिलं. टोकाला उभं राहून विचारणारंही कुणी नव्हतं.

मी होतो. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. जन्मात एकदा.

तर उद्या या भिंतीचं उद्‌घाटन. तितिक्षाला भिंतीत एक खराखुरा हातोडा बसवायचा होता. तिनं दाजींकडं मागितला. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून, पाया पडून. त्यांनी कागद ठेवून घेतला आणि आज सकाळी पंच्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आले.

पंच्याच्या टोकातून दांडा डोकावत होता. दांड्यावर खिळ्यानं कोरलेला वाकडा ‘स’.

माझा.

मी पटकन एखादा विनोद शोधला. सापडला नाही.

“आजोबांना आधी वास दाखवू या?” तितिक्षा म्हणाली. ती हळू बोलत होती, जणू दाजींना ऐकू जाईल अशी भीती वाटत होती.

दाजींनी पहिल्या कोनाड्याशी नाक नेलं. “चिंच जुनी आहे.”

दुसऱ्याशी नेलं. ठसका लागला. डोळे पुसले. “हे बरोबर.”

मग मी त्यांचा हात धरून तळवा पत्र्यावर ठेवला. आवाज लागला की तो पत्रा थरथरतो, ही तितिक्षाची करामत. मी परत बटण दाबलं.

दाजींची बोटं आधी दचकली… मग पसरली.

तळवा त्यांनी तसाच दाबून धरला, चार-पाच सेकंद असतील. माझ्या हिशेबात फार झाले.

“हा हरिभाऊच्या धाकट्या भावाचा हात. डावखुरा. दोन मारतो, एक चुकवतो.”

तितिक्षानं वही काढली.

“हा पोटफोड्या. नातीचं लग्न टाकून बसलाय, लाज नाही.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“हा मी.”

मग त्यांनी दुसराही तळवा पत्र्यावर टेकला. कपाळ अगदी जवळ नेलं.

“आणि हा…”

थांबले.

“घाई करतोय. किती वेळा सांगितलं, तांबं पळून जात नाही. सावकाश. नामा, सावकाश.”

तितिक्षाचं लिहिणं थांबलं.

मला कॅसेट आणताना हे सुचलं नव्हतं, असं कुणी म्हणेल तर तो माझा अपमान आहे. सुचलं होतं. मला वाटलं होतं, दाजींना भेट होईल. एकदा तरी आपल्या करण्यानं त्या घरात बरं काही होईल. आणि खरं सांगायचं तर, खूश होऊन ते हातोडा देतील असंही वाटलं होतं.

आवाज बंद झाला.

सगळे हातोडे एकदम.

तीस सेकंदांनी तो आपोआप बंद होतो. चाचणीच्या दिवसांत तीन मिनिटं चालायचा, पण आळीतल्या दुकानदारांनी अर्ज दिला, की फार कटकट होते. त्यावर पहिली सही केकवाल्याची, म्हणजे पोटफोड्यांच्याच पणतवाची.

दाजींचे दोन्ही तळवे पत्र्यावरच होते. ते वाट पाहत होते.

“काका, परत लावू?” तितिक्षानं मला विचारलं.

मी हातानंच नको म्हटलं.

दाजी मागं सरले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, घडी घातली, खिशात ठेवली. मग पंचा उलगडला. हातोडा माझ्या हातात दिला… उलटा, दांडा वर. माझी बोटं एकेक करून त्याच्यावर मिटवली, पहिल्या दिवशी धरायला शिकवताना मिटवली होती तशी.

एक्कावन्न वर्षं मी त्याला हात लावला नव्हता. हलका वाटला.

दाजी माझ्या तोंडाकडं बघत होते. ऐकू येत नाही, म्हणून ओठांकडं.

“सख्या, या खेपेला तरी खरं सांग. कोण गेलं?”