समुद्रापार नेलेला ढोल

एका राज्यात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून थोडे आत, दगडी तटाच्या नगरात, लोकांना एक विचित्र ओढ लागली होती. नाचणी कांडता कांडता बाया थांबत, भाता ओढता ओढता लोहार थांबत, आणि सारे समुद्राच्या दिशेने बघत राहत. काय हरवले आहे असे विचारले तर कोणालाच सांगता येत नसे. ही ओढ सोसवेना म्हणून तरुण माणसे नावा घेऊन निघून जात. परत कोणी येत नसे.

हा शाप होता. राजा मुनाशे याच्या पणज्याच्या काळी सागरापारचा एक मांत्रिक पाहुणा म्हणून आला आणि जाताना राज्याचा ढोल घेऊन गेला. त्या ढोलाच्या नादात साऱ्या कुळांची नावे होती, पेरणीची गाणी होती, मेलेल्यांना निरोप द्यायचे बोल होते. ढोल गेला, तसे एकेक गाणे माणसांच्या तोंडून गेले. उरली ती ओढ.

त्या नगरात तारिरो नावाची एक तरुणी होती. तिने मडकी घडवून पाहिली, सूत कातून पाहिले, गुरे राखून पाहिली. हात चालत, पण मन कशातच बसत नसे. तिचा थोरला भाऊ फराई नावेने निघून गेला, तेव्हापासून आईने बोलणे टाकले होते. ती दारात बसे आणि एक सूर गुणगुणत राही. त्या सुराला शब्द नव्हते. ते शब्द तिच्या स्वतःच्या आईलाही ठाऊक नव्हते.

एके सकाळी तारिरो राजाकडे गेली आणि ढोल आणायला जाते म्हणाली. राजाने तिला परोपरीने समजावले, गेलेल्यांची नावे एकामागून एक सांगितली. ती हलेना. तेव्हा राजाने विचारले, "मुली, तुला काय देऊ?"

"महाराज, निरोप द्या. न सांगता जाणारे पुष्कळ झाले. मला सांगून जायचे आहे."

राजाने तिच्या मस्तकी हात ठेवला, आणि ती निघाली.

किनाऱ्यावर गोरखचिंचेच्या झाडावर एक म्हातारा धनेश पक्षी बसला होता. त्याने जाणारी प्रत्येक नाव पाहिली होती. तो तिला म्हणाला, की मांत्रिकाचे घर बेटावर आहे. तिथे दुसऱ्याच्या वस्तूला जो हात लावतो तो दगड होतो. एवढे सांगून तो तिच्या नावेच्या डोलकाठीवर जाऊन बसला, आणि वारा सुटला.

बेटावरच्या घराला दालनामागून दालने होती. त्यांत हस्तिदंत, राजांची आसने, विणलेली वस्त्रे, लाकडी मुखवटे, सारे काचेखाली मांडलेले. प्रत्येक मुखवट्याचे तोंड आपापल्या देशाकडे वळलेले होते. मांत्रिक रोज सकाळी ते सरळ करी. दिवस मावळेपर्यंत ते पुन्हा वळत. मधूनमधून दगडी माणसे उभी होती.

मांत्रिक फार वृद्ध होता, आणि बोलायला मृदू. तो म्हणाला, "मी हे सारे जपले. तुमच्याकडे राहता तर ढोलाला वाळवी लागली असती."

"लागली असती, तर आम्ही नवा कोरला असता," तारिरो म्हणाली. "तुम्ही नेलात, म्हणून कोरायचा कसा तेच आम्ही विसरलो."

 मग मांत्रिकाने ढोल न्यायचा तर करायची तीन कामे तिला सांगितली.

पहिले काम, ढोल ओळखण्याचे. दालनभर ढोल होते, आणि तारिरोने आपला ढोल कधी पाहिलाच नव्हता. तिने डोळे मिटले आणि आईचा सूर गुणगुणली. कोपऱ्यातल्या एका ढोलाचे कातडे थरथरले. तिने त्याला हात लावला, आणि ती दगड झाली नाही.

दुसरे काम, एका दगडी माणसाला जागे करण्याचे. ती दालने धुंडाळत गेली आणि फराईपाशी थांबली. तिने नावाने हाक मारली, कुळाचे नाव घेतले. दगड हलला नाही. मग ती हळूच म्हणाली, "दादा, आई अजून तुझ्या वाट्याची उकड वेगळी काढून ठेवते. कोणाला हात लावू देत नाही." दगडाच्या डोळ्यांतून पाणी आले. मग खांदे हलले, आणि फराईने तिला ओळखले.

तिसरे काम सांगताना मांत्रिकाचा आवाज खाली आला. "या घरात रिकामी जागा राहू शकत नाही. ढोल नेलास, तर त्याच्या जागी कोण बसेल?"

फराई पुढे झाला. तारिरोने त्याचा हात घट्ट धरला. आताच तर तो सापडला होता. ती मांत्रिकाकडे वळली. "या घरात तुमचे स्वतःचे काय आहे? ते त्या जागी ठेवा."

मांत्रिक शोधायला निघाला. दालनामागून दालन पाहत गेला. सूर्य माथ्यावर आला तेव्हा परतला. "माझे येथे काहीच नाही," तो म्हणाला. "माझ्या गावाचे नावही मला आता आठवत नाही. तेच शोधत हे सारे जमवले."

कोणी त्याला ढकलले नाही. तो आपण होऊन त्या रिकाम्या जागी जाऊन बसला आणि दगड झाला. त्याचे तोंड मात्र कुठल्याच दिशेला वळले नाही. त्याच क्षणी त्या घराचा मंत्र सरला आणि बाकीचे दगड माणसे झाले.

नावा परतल्या. दगडी नगराच्या चौकात ढोल ठेवला गेला, पण तो वाजवायचा कसा हे कोणाला येईना. तारिरोने नुसता तळवा टेकवला. ढोलाने तिच्या हाताला शिकवले. कुळांची नावे एकेक करून बाहेर आली, आणि ज्याचे त्याचे नाव ज्याला त्याला उमगले. दारातल्या आईच्या सुराला शब्द फुटले. तिने फराईला जवळ घेऊन ते गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले. त्या वर्षी पेरण्या गाण्यांनी झाल्या, आणि सुतारांनी नवे ढोल कोरले.

राजाने तारिरोला दरबारात मानाची जागा दिली. तिने ती नम्रपणे नाकारली. बेटावरच्या बाकीच्या वस्तू तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. आता आपले काम कोणते हे तिला पक्के कळले होते. परतलेल्या तरुणांना घेऊन ती पुन्हा बेटावर गेली, तिथल्या वस्तूंनी नावा भरून किनाऱ्याकिनाऱ्याने, नद्यानद्यांतून त्या घेऊन गेली. मुखवटे डोंगरातल्या गावांना पोचले, वस्त्रे सरोवराकाठी पोचली.

एकदा ती वाळवंटाकाठच्या एका राज्यात गेली. तिथली वृद्ध राणी जमिनीवर बसली होती. तिच्या आजीच्या काळापासून तिथे सिंहासन नव्हते, म्हणून कोणी न्याय मागायलाही येत नव्हते. तारिरोने बेटावरून आणलेले त्या राज्याचे लाकडी आसन तिच्यापुढे ठेवले. राणी पुष्कळ वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पदराने धूळ पुसली, आसनावर बसली, आणि दाराबाहेर पाहून म्हणाली, "कोणाचे गाऱ्हाणे आहे? आत या."

एक बाई आत आली. तिच्यामागून दुसरी आली, आणि मग दारात गर्दी झाली. तारिरो वाट काढत बाहेर पडली आणि नावेकडे चालू लागली. जिथे जिथे तिची नाव लागली, तिथे तिथे माणसे आपल्या घरी आली. ही कहाणी ऐकणाराही आपल्या घरी येवो.