घरात कोण कोण आहे?

संगणक कपाटाएवढे राहिले नव्हते आणि खिशातही मावत नव्हते, त्या काळातली ही गोष्ट.

संगणकाच्या एका जुन्या कॅबिनेटमध्ये नवा प्रोसेसर राहायला आला होता. त्याच्यासाठी मदरबोर्ड बघायचा म्हणून घरात नुसती धांदल उडाली! पंखा गरगरू लागला, जुनी रॅमआजी अंगावरची धूळ झटकू लागली.

पहिला बोर्ड आला तो रंगीत दिवे लावूनच. “माझ्यावर बस, वाऱ्यासारखा धावशील!”

“ठरलं! हाच!” प्रोसेसर हरखून ओरडला.

पण रॅमआजी बोर्डाच्या खाचेत बसेना. “मग टाका की हिला भंगारात,” बोर्ड म्हणाला. “आणि हे कॅबिनेटही मला अपुरं पडतंय. तेही बदला.”

पंखा गरगरायचा थांबला. प्रोसेसरने त्या बोर्डाला हात जोडून निरोप दिला.

मग एक साधा, हिरवा बोर्ड आला. दारातूनच त्याने विचारलं, “घरात कोण कोण आहे?”

प्रोसेसर एकेकाचं नाव सांगत गेला. प्रत्येक नावाला बोर्ड म्हणाला, “आहे जागा.”

“आणि मी?”

“तुला तर मधली बैठक!”

बटण दाबलं. पंखा भिरभिरला, पडदा उजळला आणि भंगारात निघालेली रॅमआजी सगळ्यांच्या आधी ओरडली, “आले, आले! काम सांगा!”