पोकळ नरसिंह

फार मागे कोल्हापुरात धोंडीराम पोतदार नावाचे सोनार गळ्यातला साज घडवायचे. एकदा त्यांनी सोन्याच्या पातळ पत्र्याचे दहा अवतार केले आणि रिवाजाप्रमाणे एकेकाच्या पोटात वितळलेली लाख भरायला घेतली. मासा, कासव, वराह यांनी गुपचूप भरून घेतली. नरसिंह मात्र गुरगुरला, "हिरण्यकशिपूला मांडीवर घेऊन फाडला मी! माझ्या पोटात ही झाडावरची काळी लाख नको."

"बरं, राहा तसाच," म्हणत धोंडीरामांनी त्याला पोकळच ओवला.

तेवढ्यात त्यांची लहानगी नात रांगत आली. तिनं चकाकणारा साज मुठीत धरला आणि खिदळत दाबला. कासवाला काही झालं नाही. नरसिंहाचा जबडा मात्र आत गेला, आयाळ चेपली. दात न आलेल्या पोरीनं त्याला लोळवलं होतं.

धोंडीरामांनी त्याला सोडवून पोचे काढले. नरसिंह वाटीतल्या लाखेला हळूच म्हणाला, "येतेस का आत?"

"येते की," लाख म्हणाली. "गुरगुरायचं तूच. मी नुसतं आतून धरून ठेवते."