धूर न दिसणारं घर

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की सांगणाऱ्यांनाही ती कुठल्या राजाच्या काळातली ते आठवत नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, सगळी घरं गवताने शाकारलेली. सकाळी चुली पेटल्या की छपराछपरातून धूर झिरपायचा, आणि त्या धुरावरून गाव एकमेकांची खुशाली ओळखायचं. धूर दिसला, घर बरं आहे. नाही दिसला, तर घरातलं कुणी गेलं. कारण मयत झालेल्या घरी चूल पेटवायची नाही, अशी रीत. मग शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन धावायच्या. मोठं मायाळू गाव होतं ते. फक्त दिवसभर डोळे चोळत असायचं.

त्या गावात धुरपा नावाची एक सून होती. नाव धुरपा, आणि वैर मात्र धुराशी! त्याला कारणही तसंच होतं. घरात सासू-सून दोघीच. सासूने जन्मभर चूल फुंकली, आणि आता तिच्या डोळ्यांना सदा धार लागलेली. वैद्यबुवांनी तिची पापणी वर करून पाहिली आणि म्हणाले, "म्हातारे, अजून एक पावसाळा असा धुरात काढलास, तर दिसायचं बंद होईल."

पावसाळा म्हणजे ओली लाकडं, आणि पावसाळा तोंडावर आला होता. धुरपाच्या माहेरी, नदीपलीकडच्या कुंभारवाड्यात, धूर घराबाहेर काढणारी चूल असायची. तिने ती आठवून आठवून घालायला घेतली. चिकणमातीत शेण आणि भुसा कालवला, चिखल पायांनी तुडवला, चुलीचं तोंड लहान ठेवलं, आणि भाजलेल्या मातीच्या नळ्या जोडून मागच्या भिंतीतून परसाकडे धुराडं काढलं.

चूल वाळल्यावर एका सकाळी धुरपाने ती पेटवली, आणि काय सांगावं, घरात धुराचं नाव नाही! सासू चुलीपाशी निवांत भाकरी खात बसली. तेवढ्यात दारात एकच आकांत उठला.

"गेली गं बया! सोन्यासारखी म्हातारी गेली!"

शेजारणी पिठल्याची भांडी घेऊन रडत आत शिरल्या, आणि पाहतात तो काय, गेलेली म्हातारी ठेच्याशी भाकरी खाते आहे.

"कोण गेलं गं?" तिने काळजीने विचारलं.

सगळ्या खो खो हसल्या. पण हसू फार टिकलं नाही. कुणीतरी 'अपशकुन' असं पुटपुटलं आणि बातमी पाटलांपर्यंत गेली. पाटील लगोलग आले.

"सूनबाई, ही चूल मोड. छपरावर धूर नाही ते घर सुतकाचं. आणि उद्या खरंच कुणी गेलं, तर गावाला कळायचं कसं?"

प्रश्न खोटा नव्हता. सासू घाबरली. "मोड पोरी. गावाशी वाकडं घेऊन हे डोळे तरी काय करायचेत मला?"

धुरपाने कोपऱ्यातली पहार उचलली.

"थांब गं जरा," सासू म्हणाली. ती पाटलांकडे टक लावून बघत होती. "पाटील, तुमच्या मिशा कधी पिकल्या हो?"

पाटील गडबडले. म्हातारी उठली आणि एकेकीच्या तोंडापाशी जाऊन बघू लागली. "सगुणे, किती वाळलीस गं! अन् तुला कपाळावर हे कधी लागलं? रोज सकाळी डोळ्यांतल्या पाण्याआडून बघते, सगळ्या सारख्याच दिसता."

शेजारणींनी आपापल्या डोळ्यांना हात लावून पाहिला. रडायला आलेल्या त्या बायकांचे डोळेही त्या घरात केव्हाच कोरडे झाले होते, आणि ते त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"पाटील," म्हातारी म्हणाली, "कळायचं कसं म्हणता? दाराला कडी आहे की, वाजवा! मेल्यावर पिठलं आणता, त्यापेक्षा जित्तेपणी विचारायला या."

पाटलांनी स्वतःच धुरपाच्या हातातली पहार काढून घेतली. ऐकणारा पाटील मिळायलाही नशीब लागतं!

मग बायका धुरपाच्या मागे लागल्या, आमची चूल घालून दे. धुरपा म्हणाली, "घालून देणार न्हाई, शिकवीन. मी घातली तर तडा गेल्यावर मलाच हाका माराल. तुम्ही तुडवा चिखल." पाटलीणबाईंनी घराला शोभेल असं ऐसपैस तोंड चुलीला केलं. पहिल्याच दिवशी सगळा धूर उलटून घरात आला. धुरपा हसून म्हणाली, "वहिनी, तोंड मोठं असलं की घरातलं सगळं बाहेर जातं, अन् बाहेरचं आत येतं." पाटलीणबाईंनी ती चूल आपल्या हाताने मोडली आणि आपल्याच हाताने पुन्हा घातली.

पावसाळा आला, ओली लाकडं आली. म्हातारीचे डोळे शाबूत राहिले. गावात रोज सकाळी कड्या वाजू लागल्या. "बरं हाय ना?" "बरं हाय, या की!" कुणाचा ताप, कुणाचं रुसणं, जे छपरावरच्या धुरातून कधी कळलं नव्हतं, तेही आता कळू लागलं.

पुष्कळ वर्षांनी म्हातारी खरंच गेली. त्या सकाळीही शेजारणींनी नेहमीसारखी कडी वाजवली, आणि धुरपाला रडायला खांदा मिळाला. म्हातारी शेवटच्या रात्रीपर्यंत सुनेचं तोंड बघत होती.

तात्पर्य: रीतीतली माया जपावी, तिच्यातला धूर तेवढा सोडून द्यावा.