चाचांची पत्र्याची डबी

शुद्धलेखन चुकलं असेल तर सांभाळून घ्या. माझी शाळा नववीत सुटली. भारी शब्द जवळ नाहीत, म्हणून साध्याच शब्दांत लिहितो.

“...आणि एवढं चांगलं अँप मिळत असताना मी तुमच्या त्या प्लायवूडच्या पेटीवर का वाजवायचं, चाचा?”

भरतेश मगदूमनं हे विचारलं तेव्हा तो दारातच उभा होता आणि त्याच्या पाठीला गिटार आणि हातात गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या विलायती अँपचं खोकं होतं. खोकं इतकं जड होतं की प्रश्नाच्या शेवटी त्याचा आवाज फाटला.

इमामचाचांनी मान वर केली नाही. ते एका जुन्या स्पीकरचा फाटका कागद चिकटवत होते.

“आधी खाली ठेव,” ते म्हणाले. “कंबर स्वदेशी आहे तुझी.”

मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या वस्तीत चाचांचं दुकान. तीस वर्षं त्यांनी गावोगाव फिरून ऑर्केस्ट्राचा साउंड सांभाळला होता. आता दुकानात बसून अँप दुरुस्त करायचे, एखादं नवंही बनवायचे. पेटी प्लायवूडची, आतला माल जुन्या बाजारातला, वर कुठल्या कंपनीचं नाव नाही. भरतेशचं अँप त्यांनीच बनवून दिलं होतं, आणि ते दुकानातच असायचं. चाचांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण भरतेशचं बोट चुकलं की ते खाकरायचे. त्या खाकरण्यावर तो तीन वर्षांत शिकला होता.

आता तो चांगला वाजवायचा. हे त्याला माहीत होतं, आणि दुसऱ्या कुणाला माहीत नसेल तर तो सांगायचा.

“उद्या सकाळी सांगलीत ऑर्केस्ट्राची चाचणी आहे,” खोकं खाली ठेवत तो म्हणाला. “गिटारवाल्याची एकच जागा आहे. दुसरा पोरगा कोल्हापूरचा, त्याच्याकडं असलंच अँप आहे.”

“बरं, मग?”

“दुकानदारानं हे आजच्या दिवस वाजवून बघायला दिलंय. संध्याकाळी मोटरसायकलला गिऱ्हाईक येणार आहे. गाडी विकतो आणि हे घेतो. तुम्ही फक्त एकदा ऐका आणि हो म्हणा.”

चाचांनी बाहेर बघितलं. मोटरसायकल लिंबाच्या सावलीत उभी होती. रोज पहाटे भरतेश तिच्यावरून जयसिंगपूरच्या दूध डेअरीत कामाला जायचा.

“डेअरीत कसा जाणार?”

“...चालत.”

“जयसिंगपूरला?”

“कलाकाराला सोसावं लागतं, चाचा.”

चाचा खाकरले.

मग उठले, कपाटावरची जुनी चादर काढली आणि दुकानाच्या मधोमध दोरीवर टाकली. “जा, हात धुऊन ये. तोवर दोन्ही पेट्या मागं लावतो.”

भरतेश हात धुऊन आला तेव्हा चादरीच्या अलीकडं फक्त एक स्टूल होतं आणि स्टुलावर पत्र्याची एक डबी. डबीला वर काळं गोल बटन. गिटारची वायर डबीत जात होती आणि डबीतून दोन वायरी चादरीखालून मागं गेल्या होत्या.

“बटन डावीकडं केलं की एक पेटी, उजवीकडं केलं की दुसरी,” चाचा म्हणाले. “कुठली कुठं ते मी सांगत नाही. तुझे कान सांगतील.”

“लगेच सांगतील,” भरतेश म्हणाला.

त्यानं बटन डावीकडं केलं आणि वाजवायला लागला. अर्ध्या मिनिटातच तोंड वाकडं केलं.

“ही तुमची पेटी. राग मानू नका, चाचा. पण बादलीत खडे टाकल्यासारखं वाटतंय.”

“बरं.”

बटन उजवीकडं केलं. पहिलाच सूर काढला आणि त्याचे डोळे मिटले.

“अहाहा... हे बघा! याला म्हणतात आवाज. कसा गोल आहे! प्रत्येक तार वेगळी ऐकू येते.”

“पुन्हा बघ.”

डावीकडं. “बादली.”

उजवीकडं. “लोणी!”

आवाज ऐकून समोरच्या दुकानातले शब्बीरभाई आले. ते सतारीचे भोपळे तासायचे, त्यामुळे कपाळापासून पायापर्यंत भुसा. गल्लीत कुठलंही वाद्य वाजलं की आपलं मत देऊन जायचे.

“शब्बीरभाई, तुम्हीच सांगा,” भरतेश म्हणाला, आणि दोन्हीकडं बटन फिरवून दाखवलं.

शब्बीरभाईंनी मान तिरकी करून ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

“उजवीकडचं भारी,” ते म्हणाले. “डावीकडच्याला खालचा सूर नाही. भोपळा कच्चा असला की असं होतं.”

“बघा!” भरतेश म्हणाला. “आता तरी हो म्हणा.”

चाचांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि एक पांढरी वस्तू काढून भरतेशच्या हातावर ठेवली.

ती प्लगला लावायची जोडपीन होती. विलायती अँपचा प्लग आपल्या बोर्डात बसत नाही, मध्ये ही लागते.

“तुझ्या खोक्यात तळाला होती,” चाचा म्हणाले. “लावायची राहिली.”

“मग... अँप चालू कसं झालं?”

“कुठलं अँप?”

भरतेशनं चादर बाजूला केली. विलायती अँप गप्प उभं होतं आणि त्याचा प्लग फरशीवर पडला होता. शेजारी प्लायवूडच्या पेटीचा लाल दिवा तेवढा जळत होता.

चाचांनी डबीचं झाकण काढलं. आत गिटारची वायर आली होती आणि सरळ प्लायवूडच्या पेटीकडं गेली होती. दुसरी वायर नुसतीच भोकात खोचलेली. काळ्या बटनाला आत काहीच जोडलेलं नव्हतं. कितीही फिरवा.



“माझ्या दुकानात गिऱ्हाईक आलंय,” शब्बीरभाई म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

भरतेशचे कान लाल झाले. तो स्टुलावर बसायला गेला, डबी आहे म्हणून पुन्हा उठला.

“हे मला फसवायला बनवलंत?”

“तुझ्या जन्माच्या आधीची डबी आहे ही. कार्यक्रमात गायक म्हणायचे, इमाम, आवाजात जरा गोडवा घाल. मी हे बटन थोडं फिरवायचो. ते लांबून अंगठा वर करून दाखवायचे.”

“आणि?”

“आणि गोड गायचे.”

भरतेशनं जरा विचार केला. “म्हणजे महाग अँप म्हणजे सगळी थाप?”

“मी कधी म्हणालो? ते अजून वाजलंच कुठं!”

मग भरतेशनं जोडपीन लावली, विलायती अँप सुरू केलं आणि डबी न वापरता वाजवून बघितलं. चाचा डोळे मिटून ऐकत होते.

“चांगलं आहे,” ते म्हणाले.

त्यानं पेटीवर वाजवलं.

“चांगलं आहे.”

“अहो चाचा, दोन्हीला चांगलं म्हटल्यावर मी करू काय?”

“आज कसा आलास?”

“गाडीवरून.”

“उद्या कसा जाणार?”

 भरतेशनं विलायती अँप पुन्हा खोक्यात भरलं, जोडपीन आठवणीनं तळाला ठेवली. निघताना चाचांनी त्याच्या हातात पत्र्याची डबी दिली.

“ही घेऊन जा.”

“कशाला? हिला तर काही जोडलेलंच नाही.”

“म्हणून तर तीस वर्षांत बिघडली नाही.”

“मी नीट जोडून आणू का?”

“खबरदार!” चाचा म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

त्या संध्याकाळी भरतेशनं अँप दुकानदाराला परत केलं. गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की गाडी विकायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुसली, गिटार पाठीला लावली आणि चाचांना घ्यायला गेला. चाचा मागं बसले. प्लायवूडची पेटी त्यांनी पोराला घ्यावं तशी मांडीवर घेतली, आणि सांगली येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला खाकरले.

हॉलमध्ये कोल्हापूरचा पोरगा आधीच वाजवून बसला होता. त्याचं अँप चकाचक होतं आणि तो वाजवतही बरा असावा, कारण ऑर्केस्ट्राचे मालक उपाध्ये मास्तर खुशीत होते. भरतेशची पेटी बघून ते हसले.

“हे काय, चपलांचं कपाट आणलंस?”

भरतेश नुसता हसला. एरवी त्यानं उत्तर दिलं असतं. त्यानं डबी शेजारी ठेवली, वायर लावली आणि वाजवायला सुरुवात केली.

मास्तरांचं हसू कमी कमी होत गेलं. ते पुढं सरकून बसले. शेवटी त्यांनी हात वर केला.

“वाजवतोस छान. पण आवाजात थोडा गोडवा पाहिजे रे.”

भरतेशनं वळून शेवटच्या रांगेत बसलेल्या चाचांकडं बघितलं. चाचा छताकडं बघत होते.

त्यानं वाकून डबीचं काळं बटन अगदी थोडं उजवीकडं फिरवलं, आणि तीच धून पुन्हा वाजवली. या वेळी सावकाश, एकेका सुरावर थांबत.

“हां!” मास्तरांनी मांडीवर थाप मारली. “आता आला! आता कसं लोणी झालं! शनिवारी इस्लामपूरला कार्यक्रम आहे. दुपारी तीनला गाडी निघते, वेळेवर ये. आणि ते कपाटही आण.”

कोल्हापूरचा पोरगा मान लांब करून डबीकडं बघत होता. भरतेशची छाती फुगली. त्यानं ऐटीत हात पुढं केला आणि सगळ्यांना दिसेल असं बटन आणखी फिरवलं.

मागच्या रांगेतून खाकरण्याचा आवाज आला.

“भरतेश... जास्त झालं. जरा कमी कर.”